मूल ‘ढ’ नसते, अक्षरे अडतात

येवल्यातील एका पैठणी विणकराने चौथीतल्या मुलाला ओपीडीत आणले. गोष्ट एकदा ऐकली की तोंडपाठ, पण पुस्तक उघडले की पोट दुखते. मी वाचायला दिले, तर ‘दिवस’चा त्याने ‘दवीस’ केला. नजर आणि ऐकणे ठीक होते. निघताना वडील म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, मलाही वाचायला कधी जमलं नाही. सातवीत शाळा सोडून मागावर बसलो. यालाही बसवतो.’’

या बोलण्यातच निदानाचा धागा होता.

अध्ययन अक्षमता म्हणजे कमी बुद्धी नव्हे. तिच्यातील डिस्लेक्सिया या प्रकारात शब्दातले आवाज सुटे करणे आणि ते अक्षरांशी जोडणे मेंदूला जड जाते. मराठीत आणखी एक गुंता आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात, उच्चार मात्र नंतर होतो.

हा त्रास घराण्यात दिसतो. २०२२ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या ५१ हजारांहून अधिक प्रौढांच्या जनुकांची तपासणी होती. त्यात डिस्लेक्सियाशी संबंधित ४२ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे रक्त तपासून निदान होत नाही. आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, असेही नाही. योग्य पद्धतीने शिकवले तर वाचन सुधारते.

महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. पण दहावीपर्यंत थांबायचे, म्हणजे तोवर मुलाने ‘ढ’ हा शिक्का सोसायचा.

दुसरी संपली तरी मूल अक्षर-अक्षर जुळवत वाचत असेल, तोंडी उत्तरे देते पण लिहिताना काना-मात्रा गाळत असेल, घरात आणखी कुणाला हाच त्रास असेल, तर आधी डोळे व कान तपासा. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. ते मुलाला पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर पाठवू शकतात. स्मरणशक्तीच्या टॉनिकवर पैसे घालवू नका. रोज थोडा वेळ शब्द फोडून, आवाज आणि अक्षर जोडून सराव घ्या. मार तर मुळीच नको.

त्या वडिलांना मी म्हटले, ‘‘तुमच्या वेळी हे कुणी ओळखलं नाही. याच्या वेळी ओळखलंय. शाळेतून काढू नका.’’