ताप उतरला, तरी फुप्फुसे दुबळीच

मनमाड : १९१८च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ रेल्वेमार्गाने देशभर पसरली, मनमाड तेव्हाही जंक्शन होते. त्या साथीतील बहुसंख्य बळी विषाणूमागोमाग आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने घेतले. त्याचे कारण आता बऱ्याच अंशी उलगडले आहे. फुप्फुसांतील वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींचा कायम पहारा असतो. तीव्र विषाणूसंसर्गात त्यांतील अनेक पेशी मरतात, तर उरलेल्यांची जंतू गिळण्याची क्षमता मंदावते. त्यांची जागा घेण्यास रक्तातून नव्या पेशी येतात. मात्र त्या तरबेज होईपर्यंत काही आठवडे जातात. याच काळात घशातील न्यूमोकोकससारखे जीवाणू फुप्फुसांत उतरू शकतात. म्हणूनच उतरलेला ताप पुन्हा चढल्यास वा धाप लागल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवणे हिताचे ठरते.