पाकट आणि त्याचे भक्ष्य

कोकणच्या मासळीबाजारात पाकट मासा अनेकांनी पाहिलेला असतो. पतंगासारखे चपटे अंग आणि चाबकासारखी लांब शेपटी यांमुळे तो सहज ओळखू येतो. त्याचे डोळे पाठीकडे असतात, तर तोंड पोटाकडे. त्यामुळे जे खावयाचे, ते तोंडाशी येते तेव्हा त्याला दिसतच नाही. मग वाळूत दडलेले खेकडे, किडे व शिंपले त्याला सापडतात तरी कसे?

गंध आणि स्पर्श यांची त्याला मदत होतेच. परंतु त्याच्या तोंडाभोवती सूक्ष्म छिद्रे असतात, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. या छिद्रांमागील नळ्यांत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. लोरेन्झिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ साली त्यांचे वर्णन केले. पाण्यातील प्रत्येक सजीवाभोवती अतिक्षीण विद्युत्क्षेत्र असते व या नळ्यांना ते जाणवते. काल्मेन या डच शास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूखाली मासा न ठेवता केवळ विद्युत्-अग्रे पुरली, तरी भक्षक तेथेच तुटून पडले.

भक्ष्याचा सुगावा लागताच पाकट पर फडफडवून आणि तोंडातून पाण्याचे झोत सोडून वाळूत खड्डा करतो. तोंड तळाशी गुंतलेले असता डोळ्यांमागील छिद्रांतून तो श्वसनासाठी पाणी घेतो. शिंपले खाणाऱ्या जातींचे दात फरसबंदीसारखे सपाट असतात. त्यांखाली कवच भरडून ते बाहेर टाकले जाते व मांस गिळले जाते.

या आहारामुळेच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका जातीवर संकट ओढवले. शार्क घटल्याने हे पाकट बेसुमार वाढले आणि त्यांनी शिंपल्यांचा फडशा पाडला, असे २००७ साली एका शोधनिबंधात मांडले गेले. चेसापीक उपसागरात पाकट खाण्याचा प्रचार झाला. बाणांनी त्यांना टिपण्याच्या स्पर्धाही भरल्या. परंतु २०१६ साली झालेल्या फेरतपासणीत तो निष्कर्ष टिकला नाही. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. तेव्हा इतकी झपाट्याची वाढ संभवतच नव्हती. त्यांच्या पोटात बाजारी मोलाचे कालव क्वचितच आढळत होते आणि कालवांचा ऱ्हास तर अतिउपसा व रोग यांमुळे आधीच झालेला होता. २०१७ साली मेरीलँड राज्याने या स्पर्धांना कायद्याने स्थगिती दिली.

पाकटाच्या पोटात काय आहे, हे आधी नीट तपासले गेले असते, तर त्याच्यावर हा आळ आला नसता.