शेक घेण्याआधी दात दाखवा

तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्या नांदेड-लातूर भागाला नवा नाही. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण सवय सुटलेली नाही. निदान झाले की घरचे लोक पैशांच्या आणि मुंबईला टाटा हॉस्पिटलात जाण्याच्या तजविजीला लागतात. "इथे जिवावर बेतले आहे, दातांचे काय घेऊन बसलात?" असे नातेवाईक मला विचारतात. वास्तविक दात दाखवण्याची योग्य वेळ तीच असते.

तोंडाला वा मानेला किरणोपचार, म्हणजे आपल्या बोलीतला 'शेक', दिला की जबड्याच्या हाडातील बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा पोचते. अशा हाडाची जखम भरून येण्याची शक्ती कमी होते. शेकानंतर किडका दात काढला, तर काही रुग्णांत जखम महिनोन् महिने भरत नाही, हाड उघडे पडून कुजते. क्वचित जबड्याचा भागही काढावा लागतो. हा धोका जन्मभर राहतो.

म्हणून शेकापूर्वीच दंतवैद्यांकडे जावे. वाचण्याजोगे दात भरून घ्यावेत, बाकीचे काढावेत. जखम भरण्यास दोन ते तीन आठवडे मिळाले तर उत्तम. मात्र तारखा कॅन्सरतज्ज्ञांनाच ठरवू द्याव्यात. लातूर व नांदेड दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत.

शेकाने लाळ आटते आणि दात झपाट्याने किडतात. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

• मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. मिश्री पूर्ण बंद.

• ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात.

• घोट-घोट पाणी प्यावे. तिखट, गोड व चिकट पदार्थ टाळावेत.

• कवळी रात्री काढून ठेवावी.

• जबडा आखडू नये म्हणून डॉक्टरांनी शिकविलेला तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा.

केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होतात. अशा वेळी रक्त तपासल्याशिवाय दात काढू नये.

शेक घेऊन दहा वर्षे झाली असली, तरी दंतवैद्यांच्या खुर्चीवर बसताच तसे सांगावे आणि उपचारांची फाईल दाखवावी. ती फाईल कधीही टाकून देऊ नये.