डिफॉल्ट प्रिंटर नक्की कोणाचा?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'डिफॉल्टर' म्हणजे नखं न कापलेली, रिबिन विसरलेली मुलगी. असेंब्ली संपली की डिफॉल्टर्सची वेगळी रांग लागायची आणि मी त्या रांगेची कायमची सदस्य! त्यामुळे कॉम्प्युटरवर पहिल्यांदा 'डिफॉल्ट प्रिंटर' असं वाचलं तेव्हा मला वाटलं, बिघडलेल्या प्रिंटरला म्हणत असतील. हसू नका. इंजिनीअरिंगला आल्यावरही माझं ज्ञान याच्या फार पुढे गेलं नव्हतं, आणि त्याची किंमत बाबांच्या १७ बिलांनी मोजली.

त्याचं असं आहे की आमच्या घरी एका कॉम्प्युटरला दोन प्रिंटर आहेत. एक माझा इंकजेट, जर्नल आणि रिपोर्टसाठी. दुसरा बाबांचा डॉट मॅट्रिक्स. बाबांचं इतवारीत प्लास्टिकच्या सामानाचं छोटंसं ठोक दुकान आहे आणि सकाळी जाणाऱ्या मालाची बिलं ते रात्री घरी बसून काढतात. "या जमान्यात डॉट मॅट्रिक्स?" असं मैत्रिणी विचारतात. त्याचं कारण साधं आहे. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात. मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी ट्रान्सपोर्टवाल्याला, तिसरी आपल्याकडे. डॉट मॅट्रिक्समध्ये बारीक पिना रिबिनीवर ठोसे मारतात, त्या दाबानं खालचे दोन्ही कागदही एका फटक्यात उमटतात. इंकजेट नुसती शाई उडवतो, लेझर पावडर चिकटवतो. दोघंही कागदाला दाबून ठोकत नाहीत, म्हणून खालची प्रत कोरीच राहते. बाबांचे कागद छापखान्यातून क्रमांक टाकून येतात, तीन पदरी, दोन्ही कडांना भोकं असलेले, एकाला एक जोडलेले. म्हणजे एक कागद वाया गेला की नुसता कागद जात नाही, एक क्रमांक जातो. आणि क्रमांक ओळीनं लागतात. मध्येच गेलेला क्रमांक 'रद्द' म्हणून विवरणपत्रातही मोजून दाखवावा लागतो.

त्या रात्री बाबांनी दहाच्या सुमारास बिलं काढली आणि प्रिंटर चालूच ठेवून ते झोपायला गेले. साडेबाराला माझा मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट तयार झाला. दुसऱ्या दिवशी सबमिशन! वर्डमध्ये वरच्या पट्टीवर मी 'क्विक प्रिंट'चं बटण लावून ठेवलेलं आहे. ते दाबलं, कानात इअरफोन घातले आणि स्वयंपाकघरात चिवडा शोधायला गेले. परत आले तर बाबा दारात उभे. त्या प्रिंटरची किंचाळी आख्ख्या घराला ऐकू येत होती, फक्त मलाच नाही.

"का करून राहिली बे तू?" एवढंच म्हणाले.

घाईत मी स्क्रीनवर 'कॅन्सल' दाबत राहिले आणि कागद येतच राहिला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉम्प्युटरवर रद्द केलं तरी प्रिंटरच्या पोटात पोचलेला मजकूर तो छापतोच. आधी प्रिंटरचं बटण बंद करा, मग रांगेतलं काम पुसा, मगच प्रिंटर पुन्हा चालू करा. उलटं केलं की उरलेलं पुन्हा सुरू.

चूक माझीच. छापण्याआधी प्रिंटरचं नाव वाचलं असतं तर काही झालं नसतं. कंट्रोल आणि पी दाबलं की वर्ड ते नाव दाखवतं, 'क्विक प्रिंट' मात्र काही न विचारता डिफॉल्टला पाठवून मोकळं होतं. पण मला खरा प्रश्न वेगळाच पडला. माझा इंकजेट डिफॉल्ट आहे हे मी स्वतः दोन महिन्यांपूर्वी करून ठेवलं होतं. मग तो बदलला कोणी?

आधी 'डिफॉल्ट' म्हणजे काय ते बघू. आमच्या मराठीच्या बाईंनी 'अध्याहृत कर्ता' शिकवला होता (माझ्या डोक्यात राहिलेल्या मोजक्या मराठी व्याकरणापैकी हा एक). "उद्या ये" म्हटलं की 'तू' बोलावा लागत नाही, तो धरलेलाच असतो. डिफॉल्ट प्रिंटर हा तसाच अध्याहृत प्रिंटर. तुम्ही नाव घेतलं नाही तर प्रोग्राम त्याला धरतो. प्रिंटरच्या अंगात त्यासाठी काही नसतं, बदल फक्त विंडोजच्या एका नोंदीत होतो. विंडोज ३.१ च्या काळात ही नोंद 'विन डॉट आयएनआय' नावाच्या फाइलमध्ये 'डिव्हाइस' या शब्दापुढे लिहिलेली असायची. आज ती रजिस्ट्रीत असते, आणि तिथेही तिचं नाव 'डिव्हाइस'च आहे!

एक्सपीच्या जमान्यात माझ्या मोठ्या मावसभावासारखे घरगुती तज्ज्ञ एकच मंत्र सांगायचे. प्रिंटरवर राइट क्लिक, 'सेट अॅज डिफॉल्ट', बरोबरची खूण आली की झालं. आज तेवढ्यानं भागेलच असं नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये विंडोज १० ला जो मोठा अपडेट आला त्यात 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा पर्याय आला, आणि विंडोज ११ मध्येही तो आहे. तो चालू असला की ज्या नेटवर्कवर तुम्ही आहात तिथे शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. लॅपटॉप घेऊन घर आणि ऑफिस करणाऱ्या माणसाला हे सोयीचंच आहे. घरी घरचा प्रिंटर, ऑफिसात ऑफिसचा, बदलत बसायला नको. पण एकाच टेबलावर दोन प्रिंटर असतील तर? दहा वाजता बाबांनी बिलं काढली, त्या क्षणी डॉट मॅट्रिक्स डिफॉल्ट झाला. मी फक्त बटण दाबलं.

म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं. सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ असेल तर 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', १० असेल तर नुसतं 'डिव्हायसेस', आणि त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'. खाली सरकत जा आणि तो 'लेट विंडोज...'वाला पर्याय आधी बंद करा. तो चालू असेपर्यंत इथे 'सेट अॅज डिफॉल्ट'चं बटण दिसतच नाही, आणि लोक ते शोधत बसतात. तो बंद केला की हव्या त्या प्रिंटरवर क्लिक करून बटण दाबायचं.

यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं दिसली, दुसऱ्यापुढे 'कॉपी १' असं, तर घाबरू नका. यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली की कधीकधी विंडोज त्याला नवा प्रिंटर समजतं. वायर सध्या जिथे आहे तिथलं नाव ठेवा, दुसरं काढून टाका. आणि यादीत 'प्रिंट टू पीडीएफ' हा बिनकागदाचा प्रिंटरही असतो. तो डिफॉल्ट झाला की कागद येत नाही, फाइलचं नाव विचारणारी चौकट येते, आणि घरचे म्हणतात प्रिंटर बिघडला.

हे सगळं करून मी बाबांना अभिमानानं दाखवलं. माझं हसं व्हायला आठच दिवस लागले. मधल्या काळात आमची भांडणं मिटावीत म्हणून दादानं कॉम्प्युटरवर बाबांचं वेगळं अकाउंट काढून दिलं होतं. बाबांनी त्यात आईसाठी विजेचं बिल इंकजेटवर छापलं आणि रात्री त्यांचं पहिलंच बिल इंकजेटच्या साध्या कागदावर आलं! कारण ही नोंद कॉम्प्युटरची नसतेच. ती वापरणाऱ्याची असते. प्रत्येक अकाउंटचा डिफॉल्ट वेगळा आणि तो आपोआप बदलण्याचा पर्यायही वेगळा. मी तो फक्त माझ्याकडे बंद केला होता. माझ्या मते दोन प्रिंटरवाल्या घराला खरा उपाय हाच आहे. अकाउंट वेगळी करा आणि प्रत्येकात जाऊन तो पर्याय बंद करा. लिनक्सवर कप्स ही छपाईची यंत्रणा चालते, तिथेही तसंच; पूर्ण मशीनचा एक डिफॉल्ट असतो, आणि प्रत्येकाला आपल्यापुरता वेगळा ठेवता येतो.

एवढं करूनही काही प्रोग्राम आपलंच खरं करतात. क्रोम एरवी स्वतः शेवटी वापरलेला प्रिंटर पुढे करतं, विंडोजचा डिफॉल्ट विचारत नाही. वर्डमध्ये एकदा हातानं दुसरा प्रिंटर निवडला की वर्ड बंद करेपर्यंत तो तोच धरून बसतो.

आता बाबांच्या अकाउंटमध्ये डॉट मॅट्रिक्स डिफॉल्ट आहे. माझ्यात मी मुद्दाम 'प्रिंट टू पीडीएफ' ठेवला आहे. रात्री साडेबाराला चुकून बटण दाबलं तरी फाइलचं नाव विचारलं जातं, कागद जात नाही. खरंच छापायचं असेल तेव्हा इंकजेट हातानं निवडते.

ती १७ बिलं बाबांनी फाडली नाहीत. प्रत्येकावर 'रद्द' लिहून फाइलला लावली, कारण जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. त्यामुळे पुढची ६ वर्षं कोणी हिशेब तपासायला आलं तर त्यांना बादल्या आणि मगांच्या बिलांमध्ये माझ्या लाइन फॉलोअर रोबोचं सर्किट, ब्लॉक डायग्राम आणि आभारप्रदर्शन वाचायला मिळेल. तेही तीन प्रतींत.