पोलिसांची थरारकथा आवडते? मग मार्टिन बेकला भेटाच

परवा लोकलमध्ये शेजारच्या मुलीच्या हातात ‘द लाफिंग पोलिसमन’ दिसलं आणि मला राहवेना. गप्पा रंगात आल्या नि तिचं स्टेशन आलं! राहिलेलं इथे लिहिते.

मूळ कादंबरी स्वीडिश, १९६८ ची. लेखक जोडपं : माय शोवाल आणि पेर वालो. मुलं झोपली की रात्री दोघं आळीपाळीने प्रकरणं लिहायचे. १९६५ ते १९७५ या काळात पोलीस अधिकारी मार्टिन बेकच्या अशा दहा कादंबऱ्या आल्या.

सुरुवातच अंगावर येते. स्टॉकहोममधली पावसाळी रात्र, एक डबलडेकर बस, आत गोळ्या घातलेले प्रवासी. मृतांमध्ये बेकच्याच पथकातला एक तरुण पोलीस. तो त्या बसमध्ये काय करत होता, हे कुणालाच ठाऊक नाही.

इथे सगळं ओळखणारा एकटा गुप्तहेर नाही. बेक सर्दीने बेजार, त्याचा संसार विझत आलेला. सहकारी मेलांडरची स्मरणशक्ती अफाट. तपास म्हणजे दारं ठोठावणं, जुन्या फायली उपसणं आणि कित्येक दिवस हाती काहीच न लागणं. माझ्या मते खरी उत्कंठा या रखडण्यातच आहे. एखादं क्षुल्लक वाक्य शंभर पानांनंतर अचानक अर्थपूर्ण ठरतं, तेव्हा आपणही त्या पथकात असतो.

शिवाय दोघे लेखक डाव्या विचारांचे. सुखी म्हणवणाऱ्या स्वीडनमधला एकाकीपणा ते गुन्ह्यातून उघडा करतात.

१९७१ मध्ये या पुस्तकाला अमेरिकेतला एडगर पुरस्कार मिळाला.

मालिका कुठून सुरू करायची, काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा. खुनी कोण, ते मात्र सांगणार नाही!