प्रवरेच्या काठाने : पदभ्रमण आणि मुक्कामाची जागा

सह्याद्रीच्या रांगेतील रतनगडावर उगम पावणारी प्रवरा ही अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याची जीवनवाहिनी होय. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात तिचे पाणी साठते. पुढे प्रवरासंगम येथे ती गोदावरीस मिळते. गडाच्या पायथ्याशी रतनवाडी हे गाव असून तेथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. गावातून गडाकडे जाणारी पाऊलवाट नदीच्या काठाने, मधूनमधून तिचे पात्र ओलांडीत, दाट झाडीत शिरते. पाठीवर शिधा व तंबू घेऊन अनेक युवक या परिसरात येतात. त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे रात्रीचा मुक्काम कोठे करावा, हा होय.

मोहक जागा, फसवी जागा

दिवसभराच्या चालीने थकलेल्या प्रवाशास पाण्यालगतची सपाट वाळू प्रथम मोह घालते. परंतु ही सपाटी पुरानेच घडविलेली असते. डोंगरातील नदीचे पात्र अरुंद व उतार तीव्र असतो. माथ्यावर जोरदार सर कोसळली, की खाली आकाश निरभ्र असतानाही पाण्याचा लोंढा अल्पावधीत येऊन थडकतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा वाहू लागणे आणि प्रवाहाचा आवाज वाढणे, ही त्याची पूर्वचिन्हे होत. ती दिसताच सामानाचा विचार न करता उंच जागी जावे. रात्री झोपेत मात्र ही चिन्हे ध्यानी येत नाहीत, म्हणून खबरदारी दिवसाउजेडीच घ्यावी लागते.

जागेची पारख

सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास जागेचा शोध सुरू करावा. झुडपांत अडकलेला कचरा आणि खडकांवरील गाळाचे डाग पुराची उंची सांगतात. त्या खुणेच्या पुष्कळ वर, प्रवाहापासून सुमारे साठ मीटर अंतरावर, किंचित उताराची व निचऱ्याची जमीन निवडावी. कोरड्या ओढ्याचे पात्र, सुटे दगड असलेल्या कड्याचा पायथा, वठलेल्या झाडाखालची जागा आणि आग्या मोहोळाचा परिसर टाळावा. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. शौचासाठी पाण्यापासून तितक्याच अंतरावर वीतभर खोल खड्डा खणून तो नंतर बुजवावा. आपण ज्या पाण्याकाठी राहतो, तेच पाणी खालच्या वस्त्यांच्या उपयोगाचे असते, याचा विसर पडू नये.

स्थानिकांचा वाटा

हा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे वनविभागाच्या परवानगीने व विभागाने मान्य केलेल्या जागीच मुक्काम करावा. वणव्याची भीती लक्षात घेऊन उघड्यावर आग पेटवू नये. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी गावातील माहितगार सोबत घ्यावा आणि पावसाळ्यात नदीकाठचा मुक्काम कटाक्षाने टाळावा.

नदीचे पाणी कोठवर चढते, हे गावातील वृद्धांस ठाऊक असते. ग्रामपंचायतींनी वनविभागाच्या संमतीने ती पूररेषा ठळक खुणांनी दर्शविली, तर अल्प खर्चात मोठे कार्य होईल. पाहुण्यास गावाची वाट दाखविणे हा आपला जुना रिवाज आहे; त्यास निर्धोक जागा दाखविणे हा त्याच रिवाजाचा पुढचा भाग ठरावा.