लाल थेंबाचा माग

फराळाचे डबे भरले जात असतात त्याच सुमारास मिशिगनमधल्या काही घरांत आणखी एक काम उरकायचं असतं. हौसेनं दुरुस्त करून नव्यासारखी केलेली जुनी मोटार हिवाळ्यासाठी गॅरेजमध्ये उभी करायची. रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की साठ वर्षांपूर्वीचा पत्रा बाहेर काढण्यात शहाणपणा नसतो, त्यामुळे ती थेट एप्रिलमध्येच हलते. या मुक्कामात अनेक मालकांना गिअरबॉक्सखालच्या फरशीवर लाल डाग दिसतो. उन्हाळाभर, अगदी ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत तासन् तास रांगेत सरकतानाही जिनं थेंब सांडला नव्हता, ती गाडी उभ्या उभ्या गळू लागते. चालवली की गळती थांबते, पुन्हा उभी केली की पुन्हा डाग.

अशी मधूनच होणारी गळती शोधताना बहुतेक जण गाडीखाली शिरतात आणि ‘कुठून गळतंय?’ असं विचारतात. माझं ठाम मत असं की आधी ‘कधी गळतंय?’ हे विचारावं. वेळ कळली की जागा बरीचशी आपोआप कळते, आणि पुष्कळ खर्च वाचतो.

माझ्या ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांकडे १९६६ची डॉज डार्ट आहे. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट. हा गिअरबॉक्स प्रथम १९५६मध्ये इम्पीरियल गाडीत आला. १९६०मध्ये प्लिमथ व्हॅलियंटबरोबर त्याची ॲल्युमिनियमची लहान आवृत्ती निघाली, ती ९०४ या आकड्यानं ओळखली जाते, आणि या डार्टमध्ये तीच आहे. तीन गिअरचा हा गिअरबॉक्स टिकाऊपणासाठी नावाजलेला. गळतीच्या बाबतीत मात्र त्याचे ठरलेले स्वभाव आहेत.

या डार्टखाली डाग दिसला की गिअरबॉक्सच्या तळाच्या, तेल साठवणाऱ्या चेंबरचं पॅकिंग बदललं जायचं. चेंबर सगळ्यात खाली, थेंब तिथूनच लोंबकळत असायचा, त्यामुळे संशय त्याच्यावर. नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट जोर लावून आवळले, गाडी फिरवून आणली, सगळं कोरडं. आठ-दहा दिवस उभी राहिली की पुन्हा डाग. परत बोल्ट आवळायचे. या चेंबरच्या बोल्टना कंपनीनं दिलेली मर्यादा १५० इंच-पाउंडांची आहे, म्हणजे लहान पान्यानं मनगटाचा जोर पुरतो. त्याहून जास्त आवळलं की बोल्टाभोवतीचा पत्रा वर चेपला जातो, दोन बोल्टांच्या मधे फट राहते आणि नसलेली गळती तयार होते. इथे तेच झालं होतं. मूळ गळती वेगळीच होती, आणि ती शोधण्याची खूण पहिल्या दिवसापासून समोर होती : चालवल्यावर नाही, उभी ठेवल्यावर.

याचं कारण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी हा पोलादी गोल डबा असतो. एकासमोर एक दोन पंखे ठेवावेत आणि एकाच्या वाऱ्यानं दुसरा फिरावा, तसं त्याच्या आतलं काम चालतं, वाऱ्याऐवजी तेलानं. इंजिन चालू असताना पंप हा डबा तेलानं भरलेला ठेवतो. इंजिन बंद झालं की आतलं तेल पंपाच्या नि झिजलेल्या बुशिंगच्या फटींतून हळूहळू चेंबरमध्ये उतरतं. रात्रभरात फारसा फरक पडत नाही, पण आठवड्याभरात चेंबरमधली पातळी खुणेच्या कितीतरी वर जाते. गिअर बदलण्याचा दांडा ज्या जागी गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूनं बाहेर येतो, तिथलं सील एरवी तेलाच्या पातळीच्या वर असतं. आता ते बुडतं. रबर कडक झालेलं असेल तर तेल तिथून झिरपतं, कडेनं ओघळून चेंबरच्या काठावर येतं आणि तिथून खाली पडतं. गाडी सुरू झाली की कन्व्हर्टर पुन्हा भरतो, पातळी उतरते आणि पुरावा नाहीसा होतो. ही यंत्रणा एकदा समजली की त्या डार्टच्या मागच्या सगळ्या तक्रारींचा उलगडा होतो.

खात्री करून घ्यायला पैसे लागत नाहीत. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची डिपस्टिक इंजिन सुरू करण्याआधी काढून बघा. तेल ‘फुल’ खुणेच्या खूप वर दिसेल. मग गाडी चालवून गरम करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये पुन्हा बघा. पातळी बरोबर दिसली, तर तेल कन्व्हर्टरमधून उतरत होतं हे नक्की. या गिअरबॉक्सला पार्कमध्ये ठेवून मोजू नये, कारण पार्कमध्ये कन्व्हर्टर भरत नाही. उभ्या गाडीची वर चढलेली पातळी पाहून काही जण तेल काढून टाकतात. तसं मुळीच करू नका. गाडी चालू झाली की तेच तेल कमी पडेल आणि गिअरबॉक्सच्या आतल्या छोट्या क्लचच्या प्लेटा जळतील.

उभी असतानाच गळणाऱ्या गाडीबद्दल एवढं विस्तारानं लिहिलं, कारण हौशी मालकांच्या गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. इतर वेळांचे अर्थ थोडक्यात सांगतो. फक्त हायवेवर, गरम झाल्यावर गळत असेल तर तेल जास्त भरलं आहे का ते आधी बघा. जास्तीचं तेल फिरत्या भागांनी घुसळलं जातं, फेस होतो आणि तो हवेच्या भोकातून बाहेर पडतो. तो बेल हाउसिंगमधून, म्हणजे कन्व्हर्टरभोवतीच्या कवचातून ठिबकतो, म्हणून पंपाचं पुढचं सील गेल्यासारखं वाटतं आणि चांगला गिअरबॉक्स विनाकारण उतरवला जातो. रिव्हर्स टाकल्यावरच थेंब पडत असेल तर दाबाचा संबंध आहे, कारण रिव्हर्समध्ये आतला दाब ड्राइव्हपेक्षा बराच जास्त असतो. तेव्हा दाबाखालची सीलं नि जोड तपासायचे. रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांमध्ये इंजिन चालू असेपर्यंतच दाब असतो, म्हणून त्यांचे जोड चालत्या इंजिनावर, हात पंख्यापासून लांब ठेवून बघावेत. कडाक्याच्या थंडीत, पहिली काही मिनिटंच गळत असेल तर जुनं रबर आकसलं आहे असं समजा.

एक गळती तर फरशीवर दिसतच नाही. फोर्डच्या सी-४ आणि जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक गिअरबॉक्सना व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची डबी असते. तिच्यातला पडदा फाटला की इंजिन नळीवाटे गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो, तेल कमी होत राहतं आणि गाडीखाली सगळं कोरडं असतं. डबीची नळी काढून आत लाल तेल आहे का ते पाहिलं की निकाल लागतो. टॉर्कफ्लाइटला ही डबी नाही.

वेळ ठरल्यानंतर जागा शोधायची. गिअरबॉक्स पूर्ण धुऊन, वाळवून घ्या. मळलेल्या गिअरबॉक्सवर गळती शोधणं म्हणजे अंदाज बांधणं. चालत्या गाडीत तेल वाऱ्यानं मागे जातं आणि वजनानं खाली उतरतं, म्हणून ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका खरा. संशयित जागेवर टाल्कम पावडर भुरभुरली की ओघळ स्पष्ट उमटतो. अल्ट्राव्हायोलेट दिव्यात चमकणारा रंग तेलात मिसळण्याची पद्धत उत्तम, विशेषतः जिथे नजर सरळ पोचत नाही तिथे. तेल लाल आहे म्हणून ते गिअरबॉक्सचंच, असंही धरू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच तेल भरलेलं सापडतं. उलट जळकं, जुनं तेल तपकिरी होतं आणि इंजिन ऑइल समजलं जातं. बेल हाउसिंगच्या खालचं झाकण काढून फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनला कन्व्हर्टर जोडणारी तबकडी बघा. इंजिनकडची बाजू ओली असेल तर इंजिनचं मागचं सील, कन्व्हर्टरकडची ओली असेल तर गिअरबॉक्स. हे सगळं करताना गाडी भक्कम स्टँडवर हवी, चाकांना अडण हवी. नुसत्या जॅकवर पेललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

डार्टमध्ये गिअर बदलण्याच्या दांड्याचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. टॉर्कफ्लाइटमध्ये या दांड्याच्या पोटातून थ्रॉटलचा दुसरा दांडा येतो आणि त्याचं छोटं सील वेगळं असतं. दोन्ही एकदमच बदलावीत. शेजारच्या न्यूट्रल स्विचचं सीलही तेव्हाच बघावं, कारण तोही याच बाजूला आहे आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. चेंबरचा चेपलेला काठ हातोडीनं हलक्या हातानं सपाट करून घेतला, नवं पॅकिंग कोरडं बसवलं. सिलिकॉनचा थर देऊ नये. त्याचे आत गेलेले तुकडे व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या बारीक वाटांमध्ये अडकतात.

कन्व्हर्टरमधलं तेल चेंबरमध्ये उतरू नये म्हणून कूलरच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवा, असा सल्ला नेहमी मिळतो. मी तो मानत नाही. कूलरमधून परत येणारं तेलच गिअरबॉक्सच्या बुशिंगना वंगण देतं, त्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर वंगण बंद होतं. थेंब वाचवण्यासाठी अख्खा गिअरबॉक्स पणाला लावण्यासारखी ती गोष्ट आहे. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांतली रसायनं रबर फुगवतात, काही काळ गुण येतो, पण झिजलेलं सील त्यानं नवं होत नाही.

मुंबईकर वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये एके काळी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या जात असत, आणि त्यांच्यावर हात बसलेल्या मिस्त्रींची परंपरा मोठी आहे. त्या बहुतेक गाड्या हातानं गिअर टाकायच्या होत्या. परदेशातून आलेली ऑटोमॅटिक गाडी अशा मिस्त्रींच्या हाती देताना सर्व्हिस मॅन्युअलही बरोबर द्या. आणि गाडीजवळ एक वही ठेवा : तारीख, गाडी किती दिवस उभी होती, हवा कशी होती, डाग कोणत्या चाकापासून किती अंतरावर पडला, सुरू करण्याआधी डिपस्टिकवर पातळी किती होती. महिनाभर एवढं लिहा आणि मिस्त्रीनं पाना हातात घेण्याआधी ती वही त्याला वाचायला द्या.